हरवलेले मूल म्हणजे अनाथ मूल नव्हे

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या जिल्ह्यातल्या पन्नाशीपुढच्या माणसांना वेगळी सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसर आणि आपल्याकडची सास्तूर, राजेगाव, होळी ही गावे (तेव्हा उमरगा तालुका, आता लोहारा) उद्ध्वस्त झाली. दोन्ही जिल्हे मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली आणि सोळा हजारांच्या आसपास जखमी झाली.

गेलेल्यांचा आकडा आपल्याला पाठ असतो. पण अशा प्रत्येक संकटात आणखी एक दुःख असते, ते आकड्यात येत नाही. मूल जिवंत असते, आईही जिवंत असते, पण दोघे एकमेकांजवळ नसतात. भूकंपातल्या जखमींना मिळेल त्या वाहनाने सोलापूर, लातूरच्या दवाखान्यांत हलवावे लागले. त्या काळी हातात मोबाइल नव्हता. अशा घाईत आई एका गाडीत जाते, मूल दुसऱ्या गाडीत जाते, आणि कोण कुठे गेले हे लिहून ठेवायला कोणाला सुचत नाही.

आज मोबाइल आहे, तरी धोका गेलेला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा, भूम भागात पाण्याने वेढा दिला, तेव्हा छपरावर अडकलेल्या माणसांना बोटीने आणि हेलिकॉप्टरने काढावे लागले. बोटीत जागा थोडी असते. आधी लेकरे पुढे दिली जातात, मोठी माणसे मागे राहतात. मोबाइल भिजतो, टॉवर बंद पडतो. लहान मुलाला आईचा नंबर तोंडपाठ नसतो.

म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर एकच गोष्ट समजून घेऊ. संकटात एकटे सापडलेले मूल अनाथ आहे असे धरून चालायचे नाही. बहुतेक वेळा त्याचे कोणी ना कोणी जिवंत असते: आई, बाप, आजी, मामा, मोठी बहीण. ते माणूस सापडेपर्यंत मुलाला सुरक्षित ठेवणे आणि त्याचा माग पुसला जाऊ न देणे, हे आपले पहिले काम आहे.

ताटातूट कशी होते?

दोन प्रकार ध्यानात घ्या. काही मुले आई-बापापासून तुटतात, पण काका, आजी, मोठा भाऊ अशा नातलगाजवळ असतात. काही मुले अगदी एकटी असतात, जवळ ओळखीचे एकही मोठे माणूस नसते. दुसऱ्या प्रकारच्या मुलाला धोका जास्त, म्हणून त्याच्याकडे आधी धावायचे. पण पहिल्या प्रकारच्या मुलालाही विसरायचे नाही. ‘चुलत्याकडे आहे ना, मग झाले’ असे म्हणून आपण नोंद करत नाही आणि तिकडे आई छावणी-छावणीत शोधत फिरते.

ताटातूट नेहमी पळापळीतच होते असेही नाही. कधी ती आपणच करतो. जखमी मुलाला सोबत माणूस न देता गाडीत घालतो. ‘इथे हाल होतील’ म्हणून लेकराला अनोळखी माणसाबरोबर शहरात पाठवतो. कोरोनाच्या काळात आई-बाप दोघेही दवाखान्यात आणि मुले शेजाऱ्याच्या भरवशावर, अशी वेळ वस्त्यावस्त्यांत आली. गर्दीतही हेच होते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा विजयादशमीला दीक्षाभूमीवर लेकराचा हात सुटला, तर काळजाचे काय होते हे अनेक घरांना ठाऊक आहे. पुरात तीच गत होते, फक्त तिथे पुकारा करायला माईक नसतो.

आधीची तयारी: एक चिठ्ठी

तयारीला पैसा लागत नाही. एका कोऱ्या कार्डावर मुलाचे पूर्ण नाव, घरात हाक मारतो ते नाव, आई आणि बाप दोघांची नावे, गाव, वस्ती, तालुका, दोन मोबाइल नंबर आणि अंगावरची एखादी खूण लिहा. रक्तगट माहीत असेल तर तोही लिहा. दोन नंबरांपैकी एक घरातला आणि दुसरा बाहेरगावच्या नातलगाचा असावा. पूर आला की गावातले सगळे फोन एकदम बंद पडतात, पुण्यातल्या मावशीचा फोन चालू असतो.

हे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पावसाळ्यात मुलाच्या दप्तरात ठेवा. पाणी वाढू लागले की ते कपड्याच्या आतल्या बाजूला पिनेने लावा. बाहेर दिसेल असे लटकवू नका. नाव वाचून कोणीही ओळखीचा असल्याचे सोंग करू शकतो.

चार वर्षांच्या मुलाला आपले पूर्ण नाव, आईचे नाव आणि गावाचे नाव सांगता आले पाहिजे. ‘तुझ्या आईचे नाव काय?’ विचारले की बरीच लेकरे ‘आई’ एवढेच सांगतात. मोबाइल नंबर गाण्यासारखा म्हणून पाठ करून घ्या. भेटण्याची एक जागाही आधीच ठरवा: ‘काही झाले आणि आपण चुकलो, तर विहाराच्या पायरीवर थांबायचे.’ विहार सखल जागी असेल तर उंचावरची शाळा ठरवा.

मूल सापडले तर पहिल्या काही तासांत

पहिले, मुलाला पाण्यापासून, पडक्या भिंतीपासून, आगीपासून दूर घ्या, पण त्या जागेपासून फार लांब नेऊ नका. शोधणारा माणूस आधी तिथेच येणार असतो.

दुसरे, एकट्या माणसाने मुलाला आपल्या घरी नेऊ नका. दोघे-तिघे जण, त्यात एक तरी बाई, अशा सोबतीने त्याला छावणीत, शाळेत किंवा विहारात चारचौघांच्या नजरेसमोर ठेवा.

तिसरे, लगेच लिहून ठेवा. कुठे सापडले, किती वाजता, कोणी आणले, अंगावर कोणते कपडे, कोणत्या बोलीत बोलते, सोबत कोण होते. मुलाने उच्चारलेले नाव जसेच्या तसे लिहा, आपण दुरुस्त करू नका. ‘पिंकी’, ‘बाळ्या’ हे हाकेचे नावच आईपर्यंत पोहोचवते. ओले कपडे बदला, पण फेकू नका. कपडे, चप्पल, गळ्यातला दोरा ही ओळख असते.

चौथे, भावंडांना वेगळे करू नका. जागा नाही म्हणून मोठा एका छावणीत आणि धाकटी दुसऱ्या छावणीत, असे अजिबात होऊ देऊ नका. मोठे भावंड हेच त्या वेळी धाकट्याचे घर असते.

पाचवे, कळवा. चाइल्ड हेल्पलाइन १०९८, पोलिसांसाठी ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. फोन लागत नसेल तर पोलीस पाटील, तलाठी, अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना गाठा. बाल न्याय कायदा २०१५ नुसार पालकांपासून तुटलेले मूल सापडल्यास २४ तासांच्या आत कळवणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. पुढे ते मूल जिल्ह्याच्या बालकल्याण समितीसमोर नेले जाते आणि त्याने कुठे राहायचे ते समिती ठरवते. हे ठरवायचा अधिकार सरपंचाला नाही, मदत घेऊन आलेल्या संस्थेला नाही आणि आपल्यालाही नाही.

जखमी मुलाला दवाखान्यात पाठवताना गाडीचा नंबर, दवाखान्याचे नाव आणि सोबत गेलेल्या माणसाचा मोबाइल लिहून ठेवा. मुलाच्या मनगटाला कापडी पट्टी बांधून तिच्यावर नाव-गाव लिहा. आपली वस्ती बहुतेक गावांत एका अंगाला असते. गावात यादी करणारे आपल्यापर्यंत येतील याची वाट पाहत बसू नका. आपली यादी आपण करा आणि तिची एक प्रत तलाठ्याकडे, एक पोलिसांकडे द्या.

मूल कोणाच्या हाती द्यायचे?

संकटाच्या जागी मदत करणारे येतात, तसे मुले पळवणारेही येतात. काही जण चांगल्या मनाने येऊनही चूक करतात. जानेवारी २०१० मध्ये हैती देशात मोठा भूकंप झाला. त्यानंतर परदेशी धार्मिक गटाच्या दहा जणांना तिथल्या पोलिसांनी अडवले. ते ३३ मुलांना कागदपत्रांशिवाय शेजारच्या देशात नेत होते, अनाथ म्हणून. चौकशीत कळले की त्यांतल्या बऱ्याच मुलांचे आई-बाप जिवंत होते. ‘मुलाला चांगले शिक्षण मिळेल’ या आशेने गरीब घरांनीच ती सोपवली होती. आपल्या वस्तीत असे कोणी आले तर आपण काय करू, याचा विचार आजच करून ठेवा.

दुसरे उदाहरण श्रीलंकेचे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत एक तान्हे बाळ सापडले. दवाखान्यातल्या नोंदीच्या क्रमांकावरून ते ‘बेबी ८१’ म्हणून ओळखले जाऊ लागले. आपलेच बाळ म्हणून एक जोडपे पुढे आले, पण त्यांची कागदपत्रे लाटेत गेली होती. प्रकरण कोर्टात गेले, डीएनए तपासणी झाली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये बाळ आई-बापांना मिळाले. खऱ्या आई-बापांनाही थांबावे लागले, ते त्या बाळाच्या सुरक्षेसाठीच.

म्हणून ‘मी मामा आहे’ म्हणत कोणी आला तर मूल लगेच हवाली करू नका. आपणहून माहिती देऊ नका, त्यालाच विचारा. घरात हाक काय मारता? अंगावर खूण कुठे आहे? भावंडे किती? मूल त्याला पाहून जवळ जाते की अंग चोरते, हे बघा. आणि अखेर हवाली करायचे ते पोलीस किंवा बालकल्याण समितीमार्फतच. खरा मामा या विचारपूसीने रागावणार नाही.

सापडलेल्या मुलाचा फोटो आणि नाव व्हॉट्सॲपवर टाकू नका. अशा मुलाची ओळख जाहीर करायला कायद्याने बंदी आहे. शिवाय फोटो पाहून, माहिती पाठ करून भलताच माणूस दारात येतो. २०२१ मध्ये कोरोनाच्या लाटेत ‘दोन लहान मुली आहेत, दत्तक घ्या’ असे संदेश देशभर फिरले. असे संदेश पुढे ढकलणे म्हणजे मुलांचा व्यापार करणाऱ्यांना वाट करून देणे. कायदेशीर प्रक्रियेबाहेर मूल देणे आणि घेणे, दोन्ही गुन्हे आहेत.

शरीराची काळजी

अंगावर पिणारे बाळ सोबत असेल तर त्याचे दूध तोडू नका. भीतीने आईचे दूध आटते, हा समज चुकीचा आहे. धसक्याने दूध उतरायला उशीर लागतो, पण बाळाला वरचेवर अंगावर घेत राहिले की ते पुन्हा येते. आईला आडोसा द्या, पोटभर जेवण आणि पाणी द्या.

आई जवळ नसेल तर आशाताई किंवा डॉक्टरांना विचारून सोय करा. छावणीत वाटायला आलेली दूध पावडर आणि बाटली आपल्या मनाने सुरू करू नका. पुराच्या गढूळ पाण्यात कालवलेले दूध आणि न उकळलेली बाटली यांमुळे जुलाब लागतात आणि लहान बाळ एका दिवसात सुकते. वरचे दूध द्यावेच लागले तर उकळून गार केलेले पाणी वापरा आणि स्वच्छ वाटी-चमच्याने पाजा.

जुलाब लागले तर ओआरएसची पुडी पुडीवर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात, सरकारी पुडी असेल तर एक लिटरमध्ये, कालवून थोडे-थोडे पाजा. झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे मिळतात. जुलाब थांबले तरी त्या १४ दिवस पूर्ण करा. मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा पाणीही पोटात ठरेना, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. दाटीवाटीच्या छावणीत गोवर झपाट्याने पसरतो. लसीकरणाला पथक आले तर एकट्या सापडलेल्या मुलाचेही नाव पुढे करा, नाहीतर ‘त्याचे कोणी नाही’ म्हणून तेच राहून जाते.

मनाची काळजी

ताटातूट झालेले लहान मूल अंथरुणात लघवी करते, रात्री दचकून उठते, कोणाचा तरी पदर सोडत नाही. सहा-सात वर्षांपुढचे मूल मनात दोष घेते: ‘मी हट्ट केला म्हणून आई मागे राहिली.’ तेरा-चौदाचे पोर गप्प होते किंवा चिडचिड करते. ही वेडाची लक्षणे नव्हेत. मोठ्या धक्क्यानंतर असे होणे साहजिक आहे. त्याला रागवू नका, चिडवू नका, देवऋषाकडे नेऊन अंगारा लावू नका.

त्याच्याजवळ रोज तेच एक-दोन माणसे असावीत. जेवण, आंघोळ, झोप ठरल्या वेळी व्हावी. खेळायला जागा द्या. शाळा शक्य तितक्या लवकर सुरू करा, कारण शाळेत बसले की मुलाला दिवसाचा हिशेब पुन्हा लागतो. काय झाले ते तो सांगेल तेव्हा ऐका. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकासमोर ‘सांग रे कसे झाले’ म्हणून तेच तेच वदवून घेऊ नका. पत्रकारालाही नाही म्हणा.

खोटा दिलासा देऊ नका. ‘उद्या आई येईल’ असे म्हणालात आणि ती आली नाही, तर मूल आपल्यावर विश्वास ठेवायचे सोडते. ‘आम्ही शोधतोय, कळले की तुला आधी सांगू, तोवर तू आमच्याजवळ आहेस’ एवढे म्हणा. वाईट बातमी खात्रीची असेल तर ती त्याच्या विश्वासाच्या माणसाने, एकांतात, साध्या शब्दांत सांगावी. ‘आई झोपली’, ‘आई गावाला गेली’ असे सांगितलेले मूल पुढे झोपायला घाबरते किंवा वर्षानुवर्षे वाट पाहत राहते.

महिन्याभरानंतरही मूल जेवत नसेल, बोलत नसेल, स्वतःला इजा करत असेल किंवा मरणाची भाषा करत असेल, तर जिल्हा रुग्णालयात दाखवा. टेलिमानस १४४१६ या नंबरवर मानसिक आरोग्याचा सल्ला मराठीतून फुकट मिळतो.

आपलेच मूल सापडत नसेल तर

जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात लगेच तक्रार द्या. हद्दीचे कारण सांगून ती नाकारता येत नाही. ‘चोवीस तास वाट बघा’ असेही कोणी म्हणू शकत नाही. हरवलेल्या मुलाच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. अलीकडचा फोटो, कपडे आणि खूण सांगा, एफआयआरची प्रत मागून घ्या. १०९८ वरही कळवा. मग छावण्या आणि दवाखाने वाटून घेऊन शोधा, आणि घरातले एक माणूस ठरलेल्या जागी बसवून ठेवा. मूल अनेकदा तिथेच परत येते.

पुढची वर्षे

सगळा शोध घेऊनही आई-बाप गेल्याचे नक्की झाले, तर पुढे काय? १९९३ नंतर आपल्या भागात दोन मोठी कामे झाली. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्याला नेऊन त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. इकडे नळदुर्गला पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी ‘आपलं घर’ उभे केले. दोन्हींमुळे अनेक मुले शिकून पायावर उभी राहिली, हे ऋण जिल्हा विसरणार नाही. पण आज कायदा सांगतो की संस्था हा शेवटचा पर्याय आहे. आधी आई-बाप, ते नसतील तर नातलग, मग पर्यायी कुटुंब, आणि काहीच नसेल तेव्हा संस्था. वसतिगृहात जेवण आणि शाळा मिळते, पण आपली बोली, आपली माणसे आणि बापाच्या नावावरचा जमिनीचा तुकडाही मुलाला हवा असतो. म्हणून मुलाचा वारसा हक्क, सातबाऱ्यावरची नोंद आणि मदतीचे पैसे त्याच्याच नावावर राहतील, याकडे वस्तीने डोळ्यात तेल घालून पाहावे.

नातलगाने मूल सांभाळले तर त्याला मदत मिळू शकते. राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत पात्र मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा. केवळ खर्च झेपत नाही म्हणून आजीला नातू संस्थेत टाकावा लागू नये, यासाठीच ही योजना आहे.

दोन धोके मात्र घरातूनच येतात. पोरक्या मुलीचे लवकर लग्न लावून ‘जबाबदारी उरकणे’ आणि पोरक्या मुलाला मुकादमाबरोबर ऊसतोडीला पाठवणे. अठरा वर्षांच्या आत लग्न हा गुन्हा आहे आणि कोवळ्या मुलीच्या जिवाला बाळंतपणात धोका असतो. पोर एकदा टोळीबरोबर कारखान्यावर गेले की शाळा सुटते, ती सहसा कायमची.

या रविवारी करण्यासारखे

येत्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास थांबा. महिला मंडळाने कोरी कार्डे आणावीत. शाळेतल्या मोठ्या मुलामुलींनी प्रत्येक घरच्या लेकराचे कार्ड भरावे. वस्तीतल्या सगळ्या मुलांची एक वही करा आणि ती उंच, कोरड्या जागी ठेवा. मुले पाण्याच्या वेळी कोण मोजणार, त्या दोन जणांची नावे ठरवा. अंगणवाडी सेविकेला बोलवा आणि गावची ग्राम बाल संरक्षण समिती शेवटची कधी बसली ते विचारा. १०९८ हा नंबर विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा.

हे सारे मिळून एका दुपारचे काम आहे. वही भरून झाली की आपल्या लेकराला जवळ घ्या आणि विचारा, ‘सांग बघू, तुझ्या आईचे नाव काय?’